विधान प्रमाणांनी कसे तपासावे: हेतू, व्याप्ती, हेत्वाभास आणि आप्तवाक्य

नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, म्हणजे पाऊस येणार. केका ऐकू आली, म्हणजे जवळ मोर आहे. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेपक नेमकी हीच तीन अनुमाने मोडून दाखवतो. पाणी अडवल्यामुळेही नदी फुगते, वारूळ मोडल्यावरही मुंग्या अंडी हलवतात आणि माणूसही मोराचा आवाज काढतो. म्हणून त्याचे म्हणणे असे की अनुमान हे प्रमाणच, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधनच, नव्हे.

भाष्यकार वात्स्यायन उत्तर देताना अनुमानाची वकिली करत नाहीत, ते हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती खूण, दुरुस्त करतात. नुसते पाणी वाढणे हा हेतू नाही. प्रवाहाला आधीपेक्षा वेग आहे, पाण्यावर भरपूर फेस आहे, फळे, पाने, लाकडे वाहून येत आहेत, असे दिसले तर वर पाऊस झाल्याचे कळते. चार-दोन मुंग्या हलल्या तर काही सिद्ध होत नाही, झुंडीच्या झुंडी निघायला हव्यात. आणि माणसाने काढलेला आवाज केका नसतोच, तो केकेसारखा असतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याचे अनुमान चुकते. मग ते निर्णय देतात: हा अपराध अनुमान करणाऱ्याचा, अनुमानाचा नव्हे.

प्रमाणशास्त्र वापरायला शिकायचे असेल तर सुरुवात इथून करावी. प्रमाणे किती याची यादी पाठ होते, पण समोरचे विधान मानावे की नाही हे त्या यादीतून कळत नाही. या लेखात सांगाडा न्यायदर्शनाचा घेतला आहे आणि जिथे दुसऱ्या दर्शनाचे साधन जास्त धारदार आहे तिथे ते घेतले आहे.

मराठीतले फसवे शब्द

मराठी वाचकाची पहिली अडचण अशी की हे सगळे शब्द त्याला आधीच माहीत असतात, पण वेगळ्या अर्थाने.

रोजच्या मराठीत ‘अनुमान’ म्हणजे अंदाज. शास्त्रात अनुमानातून निघणारे ज्ञान निश्चित असते. ‘बहुधा असेल’ या पातळीवर राहिलेले ज्ञान अनुमिती नव्हे. ‘तर्क’ आपण अंदाज किंवा युक्तिवाद या अर्थाने वापरतो. न्यायात तर्क म्हणजे ‘इथे अग्नी नसता तर धूरही नसता’ अशी अनिष्ट परिणाम दाखवणारी मांडणी. ती प्रमाणाला मदत करते, स्वतः प्रमाण नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात तर तर्काची गणना संशय आणि विपर्यय (उलटे ज्ञान) यांच्यासोबत अयथार्थ अनुभवात केली आहे, कारण त्यात जे नाही ते क्षणभर गृहीत धरलेले असते. ‘अनुभव’ म्हणजे आपल्याला सहसा स्वतः भोगलेली गोष्ट वाटते. तिथे स्मृती सोडून उरलेले प्रत्येक ज्ञान अनुभवच, मग ते दुसऱ्याच्या तोंडून कळलेले का असेना. ‘उपाधी’ म्हणजे पदवी नव्हे, त्याचा अर्थ पुढे येईल. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. अभ्यासातला निम्मा गोंधळ इथेच असतो.

आणखी एक जोडी: प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव आणि प्रमाण म्हणजे ती प्रमा ज्याने घडते ते साधन. पुराव्याचा कागद हे स्वतः प्रमाण नव्हे. तो डोळ्यांनी पाहणे, त्यावरून अनुमान करणे किंवा त्यातल्या वाक्याचा अर्थ कळणे यांपैकी काय चालले आहे, हे आधी ठरवावे लागते.

विधान आधी मांडून घ्या

कोणतेही विधान तपासण्यापूर्वी ते दोन भागांत लिहावे: कशाबद्दल बोलतो आहोत (पक्ष) आणि त्याच्याबद्दल काय म्हणतो आहोत (साध्य). ‘पर्वतावर अग्नी आहे’ यात पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य. ‘वातावरण बिघडले आहे’ यात पक्ष कोणता? हवा, राजकारण की घरातले संबंध? पक्ष नक्की होत नसेल तर तिथेच थांबून बोलणाऱ्याला विचारावे. पुढची कोणतीही पायरी ही उणीव भरून काढत नाही.

मग विचारावे, हे कळले कसे? उत्तर बहुतेक वेळा चारांपैकी एक असते: पाहिले, एका खुणेवरून ओळखले, कोणीतरी सांगितले, किंवा शोधले पण सापडले नाही. प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे. ऐकीव गोष्टीला ‘पाहिले’ म्हणणे आणि खुणेवरून ओळखलेल्याला प्रत्यक्ष समजणे या दोन सरमिसळी सर्वांत जास्त होतात. ‘तो रागावलेला मी पाहिला’ या वाक्यात पाहिलेला असतो तो चढलेला आवाज आणि लाल झालेला चेहरा. राग हे अनुमान आहे.

पाहिलेले असेल तर

न्यायसूत्रांतील प्रत्यक्षाच्या व्याख्येत इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कातून ज्ञान उपजले पाहिजे, ही मूळ अट आहे. तपासायला दोन विशेषणे उपयोगी पडतात. ज्ञान अव्यभिचारी हवे, म्हणजे तापलेल्या वाळूवर पाणी दिसणे बाद. आणि ते व्यवसायात्मक हवे, म्हणजे लांबून काहीतरी उठताना दिसते आहे पण धूर की धूळ हे ठरत नाही, तेही बाद. दुसरी अट लोक हमखास विसरतात. डोळ्यांनी पाहिले एवढ्यावर प्रत्यक्ष पुरे होत नाही. पाहताना निश्चय झाला होता की तो नंतर, गोष्ट सांगताना आला, हे विचारलेच पाहिजे.

‘नव्हतेच’ असे म्हणण्यापूर्वी

अभाव कशाने कळतो यावर मोठा वाद आहे. भाट्ट (कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक) आणि अद्वैती वेदान्ती त्यासाठी अनुपलब्धी (न आढळणे) हे वेगळे प्रमाण मानतात, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, अभावाचेही प्रत्यक्षच मानतात. पण एका अटीवर दोघांचे जमते: असती तर दिसलीच असती, अशीच वस्तू न दिसण्याला किंमत आहे. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडातल्या मोकळ्या जमिनीवर घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध झाले नाही.

ही योग्यता तपासायला सांख्यकारिकेतली सातवी कारिका फार कामाची आहे. असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे तिथे सांगितली आहेत:

1. फार दूर असणे, जसा आकाशात उंच गेलेला पक्षी.
2. फार जवळ असणे, जसे डोळ्यातले काजळ.
3. इंद्रियात बिघाड असणे.
4. मन ठिकाणावर नसणे.
5. वस्तू अतिसूक्ष्म असणे.
6. मध्ये आडोसा असणे.
7. प्रबळ वस्तूने झाकले जाणे, जसे दिवसा तारे.
8. सारख्यात मिसळणे, जसे तळ्यात पडलेले पावसाचे पाणी.

‘नोंद सापडली नाही’, ‘कोणी तक्रार केली नाही’, ‘तपासणीत काही आढळले नाही’ अशा प्रत्येक वाक्याला हे आठ प्रश्न लावावेत. आठही नाकारता आले तरच ‘नाही’ म्हणावे. मनाचे ठिकाणावर नसणे हे चौथे कारण आपण स्वतःला क्वचितच लावतो, म्हणून ते मुद्दाम लावावे.

खुणेवरून ओळखलेले असेल तर

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. अनुमान दुसऱ्याला पटवायचे असेल तर नैयायिक ते पाच अवयवांत मांडतात:

प्रतिज्ञा: पर्वतावर अग्नी आहे.
हेतू: कारण तिथे धूर आहे.
उदाहरण: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर.
उपनय: हा पर्वत तसाच धूरयुक्त आहे.
निगमन: म्हणून तिथे अग्नी आहे.

बौद्ध आणि मीमांसक कमी अवयवांत भागवतात, आणि ‘उपनय, निगमन ही पुनरुक्ती आहे’ हा आक्षेप वरवर खराही वाटतो. शिकणाऱ्याने मात्र पाचही लिहावेत. उपनय लिहिताना एक गोष्ट पकडली जाते: उदाहरणातला धूर आणि पर्वतावरचा धूर खरोखर एकाच जातीचा आहे का? पुराच्या दाखल्यात चूक इथेच होती. पावसाने आलेला पूर आणि बांध घातल्याने चढलेले पाणी यांना आक्षेपकाने एकच नाव दिले होते.

उदाहरणातले ‘जिथे जिथे’ हे वाक्य म्हणजे व्याप्ती. ती किती वेळा पाहून ठरते? या प्रश्नावर तर्कसंग्रहाच्या दीपिका टीकेत एक चपखल दाखला आहे. पार्थिव वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो, हे शंभर वेळा पाहिले तरी हिऱ्यापाशी नियम मोडतो. म्हणजे पुनःपुन्हा सोबत दिसणे पुरेसे नाही. सोबत दिसणे हवे आणि त्याच्या जोडीला एकही अपवाद माहीत नसणे हवे. अपवादाची शंका उरली तर ती तर्काने दूर करायची. म्हणून व्याप्ती तपासताना अनुकूल दाखले मोजत बसू नये. सगळा जोर विपक्षावर, म्हणजे जिथे साध्य नक्की नाही अशा ठिकाणांवर लावावा. धूर तळ्यावर आढळतो का, हे पाहावे. बौद्ध तर्कशास्त्री दिङ्नाग याच्या हेतुचक्रात सपक्ष (जिथे साध्य नक्की आहे अशी ठिकाणे) आणि विपक्ष यांच्या मिळून नऊ शक्यता आहेत आणि त्यांपैकी फक्त दोनच सद्हेतू ठरतात. दोन्हींत विपक्षात हेतू अजिबात नाही आणि सपक्षात तो निदान काही ठिकाणी आहे.

त्याच परंपरेतला धर्मकीर्ती याहून कडक आहे. नुसते न आढळणे त्याला पुरत नाही. दोन गोष्टी एकमेकींना बांधणारे काही हवे: एक दुसरीचे कार्य असावे, किंवा तिच्या स्वभावातच ती असावी, जसे शिंशपा म्हटले की ते झाडच. व्यवहारात हा प्रश्न जरूर विचारावा: ही खूण त्या वस्तूला कशाने बांधली आहे? उत्तर सुचत नसेल तर व्याप्ती कच्ची आहे असे समजून पुढे जावे.

उपाधी शोधण्याची रीत

‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ हे उलटे अनुमान घ्या. सोबत तर दोन्ही दिसतात, मग बिघडले कुठे? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होतो तो ओल्या सरपणामुळे. हे ओले सरपण म्हणजे उपाधी: हेतूच्या आडून काम करणारी, न सांगितलेली अट.

ती पकडायला दोन प्रश्न आहेत. संशयित अट साध्य असेल तिथे नेहमी असते का? (धूर असेल तिथे ओले सरपण असते. होय.) हेतू असेल तिथेही ती नेहमी असते का? (अग्नी असेल तिथे ओले सरपण नेहमी असते का? नाही.) पहिल्याला ‘होय’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ आले की उपाधी सापडली आणि व्याप्ती गेली. दोन्हींना ‘होय’ आले तर ती उपाधी नव्हे, हेतूचाच एक सोबती आहे. पहिल्याला ‘नाही’ आले तर तिचा साध्याशी संबंधच नक्की नाही.

उपाधी सापडली म्हणून अनुमान टाकून देण्याची घाई करू नये. ती हेतूत घालून पाहावी. ‘ओल्या सरपणाचा अग्नी आहे, म्हणून धूर आहे’ हे उभे राहते. वात्स्यायनांनी पुराच्या अनुमानात वेग, फेस आणि लाकडे घातली ती याच पद्धतीने.

हेत्वाभास: एकाच दाखल्यावर सगळे

हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण सदोष हेतू. ग्रंथांत प्रत्येक हेत्वाभासाला वेगळे उदाहरण असते, त्यामुळे ते लक्षात राहतात पण एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. एकच विधान धरावे: ‘शेजारी घरात आहे, कारण त्याच्या खिडकीत दिवा लागला आहे.’ आता पुढच्या क्रमाने तपासावे. क्रम स्वस्तापासून महागाकडे लावला आहे.

पहिल्यांदा बाध. साध्य दुसऱ्या बळकट प्रमाणाने खोटे ठरले आहे का? शेजाऱ्याला आताच रस्त्यावर पाहिले असेल तर दिव्याची चर्चा संपली. हेतू बाधित. शास्त्रातले उदाहरण ‘अग्नी थंड आहे, कारण ते द्रव्य आहे’. हात लावल्यावर वाद उरत नाही.

मग असिद्धी. त्या घरात कोणी राहतच नसेल, तर ‘शेजारी’ हा पक्षच नाही: आश्रयासिद्ध. ‘आकाशकमळ सुगंधी आहे’ हे विधान याच जातीचे. पक्ष आहे, पण खिडकीत दिसला तो समोरच्या दिव्याचा काचेवरचा प्रकाश होता, तर हेतूच पक्षात नाही: स्वरूपासिद्ध. माझ्या मते व्यवहारातली बहुतेक भांडणे या एका प्रश्नावर मिटतील. लोक व्याप्तीवर तासभर वाद घालतात आणि हेतू मुळात घडला होता का हे विचारत नाहीत.

दिवा खरोखर लागला आहे. पण दिवा चालू ठेवून लोक बाहेर जात नाहीत का? जातात. म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही हेतू आढळतो: सव्यभिचार, त्यातला ‘साधारण’ प्रकार. त्याचे दोन भाऊ आहेत. हेतू पक्षाखेरीज कुठेच आढळत नसेल तर असाधारण (‘शब्द नित्य आहे, कारण तो शब्द आहे’). पक्षात सगळेच विश्व आले आणि दाखल्याला काही उरलेच नाही तर अनुपसंहारी (‘सर्व काही अनित्य आहे, कारण ते ज्ञेय आहे’).

कोणी म्हणाले, ‘तो घरात आहे, कारण दाराला बाहेरून कुलूप आहे’, तर हेतू उलटेच सिद्ध करतो: विरुद्ध. सव्यभिचार आणि विरुद्ध यांत गल्लत फार होते. सव्यभिचार हेतू दोन्हीकडे आढळतो, विरुद्ध हेतू फक्त साध्य नसलेल्या बाजूला.

शेवटी सत्प्रतिपक्ष. एक म्हणतो दिवा आहे म्हणून तो घरात आहे, दुसरा म्हणतो त्याची चप्पल बाहेर नाही म्हणून तो घरात नाही. दोन्ही हेतू तुल्यबळ असतील तोवर निर्णय होत नाही आणि दोघांनाही आपले अनुमान थांबवावे लागते. इथे आवाज चढवून काही होत नाही. नवा, अधिक नेमका हेतू शोधावा लागतो.

असिद्धीचा राहिलेला तिसरा प्रकार, व्याप्यत्वासिद्ध, म्हणजे वर पाहिलेला उपाधीचा दोष.

कोणी सांगितलेले असेल तर

आप्ताचे वाक्य म्हणजे शब्दप्रमाण. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे आणि मोठा माणूसही नव्हे. वात्स्यायनांच्या व्याख्येत तीन गोष्टी पाहायच्या: त्याला ती वस्तू साक्षात माहीत आहे का, जशी पाहिली तशीच सांगण्याची त्याची इच्छा आहे का, आणि तो तसे सांगतो आहे का. पुढे ते म्हणतात की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. हे वाक्य शब्दप्रामाण्याला आंधळी श्रद्धा समजणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे. इथे पदाला आणि कुळाला काही किंमत नाही. त्या एका विषयात, त्या एका वेळी, माणूस आप्त आहे की नाही एवढेच पाहायचे. एका विषयातला आप्त दुसऱ्या विषयात आप्त असतोच असे नाही.

‘असे म्हणतात’ ने सुरू होणाऱ्या गोष्टीला ऐतिह्य म्हणतात: मूळ सांगणारा अज्ञात, आणि नुसती चालत आलेली परंपरा. मोबाइलवर पुढे ढकलत आलेला निनावी संदेश हा याचाच प्रकार. न्यायाने ऐतिह्य वेगळे प्रमाण मानले नाही, ते शब्दातच घातले. त्यामुळे आप्ताची कसोटी त्यालाही लागते, आणि सांगणाराच माहीत नसेल तर ती लावता येत नाही. तो संदेश पाठवणारा मित्र सज्जन आहे, हे उत्तर पुरे नाही. दुसरी गोष्ट, म्हणजे खरे सांगण्याची इच्छा, त्याच्यात असेल, पहिली, म्हणजे साक्षात माहिती, नाही.

माणूस आप्त असला तरी वाक्य नीट हवे. त्यासाठी आकांक्षा (पदे एकमेकांची वाट पाहणारी हवीत, ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ हे वाक्य नव्हे), योग्यता (अर्थ जुळायला हवा, ‘अग्नीने शिंपतो’ यात जुळत नाही) आणि सन्निधी (पदे लागोपाठ उच्चारलेली हवीत). बातमीचा नुसता मथळा किंवा भाषणातला तुकडा ऐकून मत बनवतो तेव्हा बिघडते ती सन्निधी. उरलेली पदे दूर कुठेतरी राहिलेली असतात.

अर्थापत्ती आणि उपमान

देवदत्त जाडजूड आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणून तो रात्री जेवतो. मीमांसक आणि अद्वैती याला अर्थापत्ती हे वेगळे प्रमाण मानतात, नैयायिक ते केवलव्यतिरेकी अनुमानात (ज्यात ‘साध्य नाही तिथे हेतू नाही’ एवढीच व्याप्ती मिळते) बसवतात. वापरताना तीन अटी पाहाव्यात: दोन्ही गोष्टी आधी पक्क्या माहीत असाव्यात, त्या एकत्र बसत नसाव्यात, आणि त्यांना बसवणारी वाट एकच असावी. दुसरी वाट निघाली की अर्थापत्ती संपली, उरली ती नुसती कल्पना. ‘याशिवाय दुसरे काय असणार?’ असे कोणी म्हणाले की दुसरे काय असू शकते याची यादी करावी. दोन मिळाली तरी पुरे.

उपमान म्हणजे उपमा अलंकार नव्हे. ‘गवय गाईसारखा असतो’ असे ऐकलेला माणूस रानात तसा प्राणी पाहून ‘हाच गवय’ असे ओळखतो. नाव आणि वस्तू यांचा संबंध कळणे एवढेच त्याचे काम. सारखेपणावरून आणखी काही सिद्ध करू गेले तर ते अनुमान ठरते आणि त्याला व्याप्ती लागते.

तपासणी कुठे थांबवावी

प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण मागत गेले तर अंत नाही. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. दोष दिसेपर्यंत ते मानावे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून कळते: पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे ज्ञान यथार्थ होते. व्यवहारात दोन्ही वाटून वापरता येतात. किरकोळ गोष्टीत दोष दिसेपर्यंत मानून चालावे. चूक झाली तर ज्याची भरपाई होणार नाही अशा गोष्टीत कृती करून पडताळल्याशिवाय मानू नये, आणि तो पडताळा आधी लहान प्रमाणावर घ्यावा.

शंकेलाही हद्द आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ती आखून दिली: शंका व्याघातापर्यंतच, म्हणजे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी ती विसंगत होईपर्यंतच. धूर अग्नीवाचूनही होत असेल अशी शंका घेणारा माणूस धूर हवा असला की अग्नीच पेटवायला घेतो. तपासणी तिथे थांबवावी आणि वहीत विधान, हेतू, व्याप्ती व सापडलेला दोष एका ओळीत लिहून ठेवावे. दोष कोणत्या पायरीवर सापडला याची खूण करावी. वीस-पंचवीस विधाने झाली की कोणत्या पायरीवर आपला हात सैल आहे ते त्या खुणांवरून दिसते.